डॉगवूड सहा वर्षांचे झाले, पण फुले येत नाहीत

प्रश्न : परसदार

बागेतील एका झाडाविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. सहा वर्षांपूर्वी मी गुलाबी फुलांच्या डॉगवूडचे (कॉर्नस फ्लोरिडा) एक कलम आणून घरासमोरच्या हिरवळीच्या मधोमध लावून घेतले. तेव्हा ते जेमतेम कमरेएवढे होते; आज ते अडीच मीटरच्या आसपास आहे. लावल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात त्याला चार फुले आली, आणि आता ही संख्या दरवर्षी वाढत जाणार असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात त्यानंतर आजपर्यंत एकही फूल दिसलेले नाही. पाने मात्र भरपूर, मोठी आणि गर्द हिरवी येतात.

निगा राखण्यात मी हयगय केलेली नाही. हिवाळा संपता संपता, पालवी फुटण्याच्या आधी, मी दरवर्षी सगळ्या फांद्यांची टोके छाटून झाडाला गोल आकार देतो. हिरवळीला वर्षातून तीनदा खत टाकले जाते, ते झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचते. आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटे फवाऱ्याचे पाणीही मिळते. असे असूनही उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरीत होतात. गेल्या वर्षापासून बुंध्यातून दोन सरळसोट फुटवे निघाले आहेत, आणि तेच सगळ्यांत जोमाने वाढत आहेत. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, त्यामुळे हवामान या झाडाला प्रतिकूल असावे असे वाटत नाही.

झाडाला एखाद्या अन्नद्रव्याची कमतरता आहे का, ते दुसरीकडे हलवावे का, की ते काढून त्याच्या जागी अधिक काटक असा एखादा प्रकार लावावा, याबद्दल मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.


प्रतिसाद १ : खुरपे

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे. झाडाला कळ्या येत असाव्यात. त्या आपण दरवर्षी स्वतःच्या हाताने कापून टाकत आहात.

डॉगवूडच्या फुलाची कळी वसंतात तयार होत नाही. ती आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात फांदीच्या टोकाशी धरते, शरद ऋतूत पाने गळेपर्यंत डोळ्यांना स्पष्ट दिसू लागते आणि सगळा हिवाळा तशीच उघड्यावर काढते. पानगळ झाल्यावर फांदीचे टोक हातात धरून नीट पाहा. पानाची कळी बारीक, निमुळती आणि फांदीला चिकटून असते. फुलाची कळी आखूड देठावर बसलेली, वरून किंचित चपटी, करड्या रंगाची असून छोट्या कांद्यासारखी किंवा शर्टाच्या गुंडीसारखी दिसते. दोन्हींत इतका फरक आहे की एकदा ओळख पटली की पुन्हा चूक होत नाही. हिवाळ्याच्या शेवटी सगळी टोके छाटणे म्हणजे येऊ घातलेला अख्खा बहर कात्रीने गोळा करून कचऱ्यात टाकणे होय.

पहिल्या वर्षी चार फुले का आली, याचाही उलगडा यातून होतो. त्या कळ्या झाड आपल्याकडे येण्यापूर्वीच, रोपवाटिकेत असताना धरलेल्या होत्या, आणि त्या वर्षी आपण अद्याप कात्री हाती घेतलेली नसावी.

ज्याला आपण डॉगवूडचे फूल म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फूल नव्हेच. बोगनवेलीप्रमाणेच येथेही ज्या चार पांढऱ्या किंवा गुलाबी 'पाकळ्या' दिसतात ती छदे, म्हणजे पाकळ्यांसारखी दिसणारी पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे मधोमध असलेला हिरवट पिवळ्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या दाण्यांचा गुच्छ. हीच चार छदे हिवाळाभर त्या कांद्यासारख्या कळीचे कवच बनून थंडीवाऱ्याला तोंड देत असतात. वसंतात ती वाढू लागतात तेव्हा बाहेरचे, थंडीने राकट झालेले टोक बाकीच्या भागाबरोबर वाढत नाही. म्हणून या जातीच्या प्रत्येक छदाच्या टोकाला तपकिरी, जांभळट कडेची एक लहानशी खाच असते. ती खाच पाहिली की मला नेहमी वाटते, की या झाडाने सोसलेल्या हिवाळ्याची खूण फुलावरच ठेवली आहे.

छाटणीबाबत माझे मत थोडे कडक आहे. या झाडाच्या फांद्या जमिनीला समांतर, एकावर एक मजले रचावेत तशा पसरतात. त्याचे सौंदर्य निष्पत्र अवस्थेतही टिकते ते या रचनेमुळे. त्याला गोल कुंपणझाडासारखे कापणे म्हणजे ते डॉगवूड असल्याचेच नाकारणे. वाळलेली, मोडलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी काढावी, तीही बहर ओसरल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या वर्षीच्या कळ्या धरण्यास झाडाला पुरेसा अवधी मिळतो. हिवाळ्याच्या अखेरीस छाटल्यास जखमांतून रसही बराच काळ झिरपत राहतो. त्याने झाड मरत नाही, पण पाहणाऱ्याचा जीव मात्र वरखाली होतो.


प्रतिसाद २ : पाचोळा

खुरपे यांनी कळ्यांचे सांगितले ते पूर्णपणे मान्य आहे, पण मला आपल्या झाडाची खरी अडचण कात्रीपेक्षा हिरवळ वाटते. छाटणी उद्या थांबवली तरी हे झाड हिरवळीच्या मधोमध सुखी होईल असे मला वाटत नाही.

हे मूळचे कुठले, हे लक्षात घेतले म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, मेन राज्याच्या दक्षिण टोकापासून फ्लोरिडाच्या उत्तरेपर्यंत आणि पश्चिमेला टेक्ससच्या पूर्व भागापर्यंत, ओक आणि हिकरीसारख्या उंच वृक्षांच्या खाली किंवा रानाच्या कडेला ते वाढते. (नावातील 'फ्लोरिडा'चा त्या राज्याशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फुलांनी बहरलेला, आणि लिनीअसने हे नाव १७५३ मध्ये दिले.) तेथे त्याच्या मुळांवर वर्षानुवर्षे पाचोळ्याचा थर साचत आलेला असतो, माती भुसभुशीत, ओलसर पण निचरा होणारी आणि किंचित आम्ल असते, साधारण ५.५ ते ६.५ सामूची (पीएच). कोणी तेथे नत्राची पोती रिकामी करत नाही, आणि कोणी यंत्राने गवतही कापत नाही.

त्याची मुळे खोल जात नाहीत. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरतात, आणि नेमक्या त्याच थरावर गवताचा हक्क असतो. रोज दहा मिनिटांचे फवाऱ्याचे पाणी गवताची पाती ओली करते, फार तर दोन बोटे माती भिजवते, आणि ते पाणी गवतच पिऊन टाकते. आपल्याला वाटते की झाडाला रोज पाणी मिळते. झाड मात्र उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तहानलेलेच असते, आणि पानांच्या कडा करपतात त्या यामुळे. पाणी आठवड्यातून एकदा, पण सावकाश आणि मुरवून द्यावे. कोरड्या आठवड्यात सुमारे अडीच सेंटीमीटर पावसाइतके पाणी बसेल असा हिशेब ठेवावा. काठी किंवा लांब पेचकस मातीत खुपसून पाहावा. वीतभर सहज आत गेला तर पाणी मुरले असे समजावे.

खतामुळे पाने भरपूर आणि फुले नाहीत, ही तक्रार अनेक फुलझाडांत आढळते. हिरवळीवर (लॉनवर) टाकायच्या खतात नत्र जास्त असते आणि नत्र झाडाला पाने आणि फांद्या वाढवण्याच्या मागे लावते. आपले झाड भुकेलेले नाही. मोठी, गर्द हिरवी पाने हेच सांगत आहेत. त्यामुळे अन्नद्रव्याच्या कमतरतेचा विचार सध्या बाजूला ठेवावा आणि माती तपासल्याशिवाय काहीही टाकू नये.

करायचे काम सोपे आहे, फक्त ते हिरवळीवर प्रेम असलेल्या माणसाला जड जाते. झाडाभोवतीचे गवत निदान फांद्यांच्या पसाऱ्याइतक्या घेरात काढून टाकावे. ते कुदळीने उकरू नये, कारण मुळे वरच आहेत. गवतावर पुठ्ठे अंथरून त्यावर आच्छादन टाकले की गवत गुदमरून कुजते. आच्छादन पाचोळ्याचे, सालीच्या तुकड्यांचे किंवा कुजलेल्या पानांचे, पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचे असावे, आणि बुंध्यापासून एक वीत दूर थांबवावे. बुंध्याला टेकवून आच्छादनाचा ढीग रचण्याची पद्धत फार दिसते. त्याने साल सतत ओली राहून कुजते.

आच्छादनाचा आणखी एक फायदा असा, की गवत कापण्याचे यंत्र बुंध्याजवळ येत नाही. डॉगवूडची साल पातळ असते, आणि यंत्राच्या दोरीने एकदा जरी ती खरचटली तरी तेथे खोडकिड्याच्या पतंगाची मादी अंडी घालते. अळी सालीखालचा जिवंत थर खात खात खोडाला वळसा घालते आणि वरची फांदी वाळेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. बुंध्याशी बारीक भुसा पडलेला दिसतो का, सालीवर जुन्या जखमा आहेत का, हे एकदा गुडघे टेकून पाहावे.

तसेच बसल्याबसल्या आणखी एक गोष्ट तपासावी. बुंधा जमिनीला भिडतो तेथे तो रुंद होऊन मुळांकडे पसरताना दिसला पाहिजे. तो खांबासारखा सरळ मातीत घुसलेला दिसत असेल, तर झाड गरजेपेक्षा खोल लावले गेले आहे असे समजावे.


प्रतिसाद ३ : दुपार

एका बाबतीत सावधगिरीची सूचना करतो. डॉगवूड रानातल्या सावलीत वाढते हे वाचून अनेक जण ते घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावतात, आणि मग त्यांनाही फुले येत नाहीत. गर्द सावलीत ते जगते, पण बहरत नाही. सकाळचे चांगले चार-पाच तास ऊन आणि दुपारी झिरपती सावली, ही त्याच्यासाठी सर्वांत चांगली जागा. माझे झाड दिवसभर उन्हात आहे आणि परसदारांच्या झाडापेक्षा कितीतरी अधिक फुलते. मात्र त्याच्या मुळांवर जाड आच्छादन आहे आणि कोरड्या दिवसांत त्याला पाण्याची आठवण मी स्वतः ठेवतो. म्हणून केवळ ऊन आहे एवढ्यासाठी सहा वर्षांचे झाड हलवू नये. इतक्या वाढलेल्या झाडाची वरवर पसरलेली मुळे खणताना बहुतेक तुटतातच.


प्रतिसाद ४ : उंबरठा

मूळ विषयाला थोडा फाटा फुटतो आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे हिवाळा फक्त नावापुरता असतो, पाणी कधीच गोठत नाही. तेथे हे झाड कुंडीत जपून वाढवता येईल काय?


प्रतिसाद ५ : पाचोळा

उंबरठा, माझा सल्ला आहे की तो खटाटोप करू नये. या झाडाला पाने गाळून विश्रांती घेण्याइतकी खरी थंडी लागते. ती मिळाली नाही तर ते कसेबसे तग धरते आणि फुलण्याचे विसरते. बियांनाही तोच नियम आहे: गर काढून ओलसर वाळूत तीन ते चार महिने थंडीत ठेवल्याशिवाय त्या उगवत नाहीत. डॉगवूडचा एक सदाहरित नातेवाईक, कॉर्नस कॅपिटाटा, हिमालयात आढळतो. कुमाऊँ आणि गढवालकडे त्याला भमोरा म्हणतात आणि त्याची तांबडी फळे खातात. पण तोही डोंगरातल्या गारव्याचाच झाला.


प्रतिसाद ६ : पानगळ

झाड बदलण्याच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. त्याआधी पानांच्या कडा करपण्याबद्दल, कारण 'करपा' हा शब्द ऐकताच डॉगवूड पाळणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारणही आहे.

डॉगवूडचा करपा हा डिस्क्युला नावाच्या बुरशीमुळे होणारा रोग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्रथम लक्षात आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने पूर्वेकडच्या डोंगराळ, दमट रानांतली असंख्य झाडे मारली. त्याची लक्षणे आपण वर्णन केलेल्या लक्षणांपेक्षा वेगळी असतात. थंड आणि ओल्या वसंतात, सर्वांत खालच्या फांद्यांपासून त्याची सुरुवात होते. पानांवर जांभळ्या कडेचे तपकिरी ठिपके पडतात. रोग देठातून फांदीत उतरतो. आणि मेलेली पाने गळून न पडता हिवाळाभर फांदीला लोंबकळत राहतात. खोडावर जागोजागी कोवळे फुटवे येणे हेही त्याचे एक लक्षण आहे, आणि म्हणूनच आपल्या त्या दोन फुटव्यांकडे दुर्लक्ष करू नये असे मला वाटते. याउलट उन्हाने आणि तहानेने करपलेल्या पानाची कडाच तेवढी सलग तपकिरी होते, मधला भाग हिरवा राहतो, आणि ऊन लागणाऱ्या बाजूला हे जास्त दिसते. पानांवर पिठासारखा पांढरा थर आला असता तर तो भुरीचा म्हणता आला असता. आपण तसे काही लिहिलेले नाही.

फुटव्यांचे दुसरे, अधिक निरुपद्रवी कारणही संभवते. गुलाबी डॉगवूड बहुधा बियांपासून वाढवलेल्या खुंटावर कलम करून तयार करतात. कलमाच्या गाठीखालून जे फुटते ते खुंटाचे असते, म्हणजे ते पुढेमागे फुलले तरी पांढरेच फुलण्याची शक्यता दाट असते, आणि तोपर्यंत ते वरच्या गुलाबी झाडाच्या तोंडचा घास पळवते. असे फुटवे दिसताच बुडापासून काढावेत.

आता बदलण्याविषयी. जपान, कोरिया आणि चीनचा कौसा डॉगवूड (कॉर्नस कौसा) करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. तो सुमारे महिनाभर उशिरा, पाने आल्यानंतर फुलतो, त्याच्या छदांना खाच नसून अणकुचीदार टोक असते, आणि फळ लिचीसारखे खडबडीत व तांबडे असते. दोघांचा संकर रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी केला. त्यातून निघालेले 'स्टेलर पिंक', 'ऑरोरा' इत्यादी प्रकार जोमदार आहेत, पण त्यांना सहसा फळे धरत नाहीत, त्यामुळे पक्ष्यांच्या दृष्टीने ते निरुपयोगीच. मूळ फ्लोरिडाच हवा असेल तर 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' हा पांढरा प्रकार आहे. मेरिलँडमधील कॅटॉक्टिन माउंटन पार्कमध्ये करप्याने आजूबाजूची झाडे मारली असताना जे झाड टिकून राहिले, त्याच्यापासून टेनेसी विद्यापीठाने तो तयार केला.

इतके सांगूनही माझा कौल आपले झाड ठेवण्याच्याच बाजूने आहे. चुकीच्या निगेमुळे न फुलणारे झाड आणि रोगाने खचलेले झाड यांत मोठा फरक असतो, आणि आपले झाड पहिल्या वर्गातले दिसते. नवे झाड लावले तरी ते त्याच हिरवळीत, त्याच कात्रीखाली येणार.


प्रतिसाद ७ : परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सकाळी गुडघे टेकून झाडाची तपासणी केली. जे आढळले ते क्रमाने लिहितो.

बुंधा खांबासारखा सरळच मातीत जात होता. हाताने माती आणि गवताचा जुना थर बाजूला करत गेलो तेव्हा चार बोटे खाली बुंधा रुंद होऊ लागला. झाड लावून देणाऱ्या माणसाने ते खोल पुरले होते की सहा वर्षांत हिरवळीचीच माती चढली, हे आता सांगणे कठीण आहे. मी स्वतः तेथे उभा होतो, त्यामुळे दोष एकट्या त्याचा नाही. दोन्ही फुटवे कलमाच्या गाठीच्या खालून, मातीलगत निघालेले आहेत. बुंध्याच्या एका बाजूला यंत्राच्या दोरीच्या तीन जुन्या खुणा आहेत, पण त्या कडेने भरून आल्या आहेत आणि भुसा कुठेही दिसला नाही. गेल्या हिवाळ्यात फांदीला लोंबकळत राहिलेली पाने आठवत नाहीत.

पेचकसाची परीक्षाही केली. आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे पाणी दिलेले असूनही तो दोन बोटांच्या पुढे गेला नाही. हे पाहून मी खरोखर ओशाळलो.

सगळ्यांत वाईट गोष्ट मात्र बागेतील कचऱ्याच्या ढिगात सापडली. यंदाच्या छाटणीच्या वाळक्या काटक्या अजून तेथे पडून आहेत. त्यांतील एका मुठीएवढ्या जुडीत मी गुंडीसारख्या अकरा कळ्या मोजल्या.


प्रतिसाद ८ : खुरपे

अकरा कळ्या वाईट बातमी नसून चांगली बातमी आहे. झाड कळ्या धरते, म्हणजे त्याला ना वयाची अडचण आहे ना उन्हाची. नत्राचा भडिमार होत असतानाही ते धरत होते, हे विशेष. पुढे कधी छाटणी न करताही बहर चुकला, तर एखादी कळी नखाने उभी चिरून पाहावी: आत हिरवी असेल तर ती जिवंत आहे, काळपट तपकिरी असेल तर उशिरा पडलेल्या, गोठवणाऱ्या दहिवराने मेली. पानांच्या कळ्या त्याच थंडीतून सहसा वाचतात, म्हणून झाड हिरवे राहते आणि माणूस भलतीकडे कारण शोधत बसतो.

बुंध्याभोवतीची माती एकदम न उकरता हाताने, रुंदाव्यापर्यंत आणि हातभर घेरात, उताराने काढावी. वर चढलेली बारीक मुळे तुटली तर हरकत नाही, जाड मुळांना मात्र धक्का लावू नये. झाड उचलून पुन्हा लावण्याच्या भानगडीत पडू नये. फुटवे आजच काढावेत, आणि ते कात्रीने वर कापण्याऐवजी जेथून निघाले तेथून खाली ओढून काढले तर पुन्हा फुटण्याची शक्यता कमी असते. गवत पुठ्ठ्याखाली घालावे, खत आणि गवत कापण्याचे यंत्र त्या घेराच्या बाहेर ठेवावे, आणि येत्या हिवाळ्यात कात्री घरातल्या कोणाकडे तरी लपवायला द्यावी.

गोल कापलेला आकार सुटायला दोन-तीन वर्षे लागतील; मधल्या काळात झाड काहीसे विस्कटलेले दिसेल, आणि तेव्हाच टोके सारखी करण्याचा मोह सर्वांत जास्त होईल. पाने गळल्यावर फांद्यांच्या टोकांवरच्या कळ्या मोजून आकडा येथे लिहावा.